बेअरिंग पोलादाची श्रांती

फिरत्या गोळ्यांचा वा रोलरांचा दाब पुन्हापुन्हा पडून बेअरिंगच्या पोलादाची अंतर्रचना बदलते आणि अखेर धावपट्टीचे (रिंगच्या ज्या पृष्ठभागावर ते फिरतात त्याचे) कपचे निघतात; हीच श्रांती (फटीग). छत्रपती संभाजीनगरलगतच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या वर्कशॉपात याला सरसकट ‘पिटिंग’ म्हणतात. मराठवाड्यात सुई-रोलर बेअरिंगे जालना व वाळूज येथे बनतात. जालन्याच्या रोलिंग मिलांतली सळई मात्र वेगळ्या जातीचे पोलाद होय.

प्रचलित पोलाद (एसएई ५२१००, ईएन ३१ या प्रतींचे) सुमारे १% कार्बन व १.५% क्रोमियमचे असते. साधारण ८४०–८५० °से.वरून तेलात विझवून (झटकन थंड करून) त्याची हलकी पायणी (टेंपरिंग, म्हणजे पुन्हा थोडे तापवणे) करतात. मार्टेन्साइट (विझवल्याने बनणारी कठीण रचना), थोडे अवशिष्ट ऑस्टेनाइट (तापलेल्या अवस्थेतील न बदललेली रचना) आणि न विरघळलेली कार्बाइडे (कार्बनची कठीण संयुगे) अशी त्याची घडण असते.

हर्ट्झच्या संपर्क-दाबाच्या सिद्धान्तानुसार (१८८१–८२) कमाल कर्तन प्रतिबल (शिअर स्ट्रेस) पृष्ठभागाखाली पडते, म्हणून बदलही तिथेच सुरू होतात. छेद घासून नायटल (अल्कोहोलमधील नायट्रिक आम्ल) लावल्यास प्रथम काळसर पट्टा, पुढे धावदिशेशी सुमारे ३०° व ८०° कोन करणारे पांढरे पट्टे दिसतात. ऑक्साइडच्या कणांभोवती ‘फुलपाखरे’ उमटतात. त्यांचे पंख साधारण ४५° कलते असतात. पांढरा भाग म्हणजे कार्बाइडे विरघळून उरलेले अतिसूक्ष्म कणांचे फेराइट (जवळजवळ शुद्ध लोहाची रचना). त्यावर नायटलचा परिणाम होत नाही.

पांढऱ्या भागाला लागून असलेल्या भेगांचे मूळ वादग्रस्त आहे. वंगणातून शिरणारा हायड्रोजन, बेअरिंगमधून वाहणारा विद्युत्‌प्रवाह, रोलरांची घसरण अशी कारणे मांडली जातात. आधी रचना बदलते व मग भेग पडते, असे जुन्या विवेचनांत गृहीत दिसते. उलट धातुशास्त्रज्ञ भादेशिया व सहकाऱ्यांनी (२०१४ च्या सुमारास) तीव्र शीतनाने आधीच बारीक भेगा पाडलेले पोलाद फिरवून पाहिले, तेव्हा पांढरा भाग मुबलक तयार झाला. भेगेच्या कडा एकमेकींवर घासल्याने तो बनतो, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. हायड्रोजनचा सहभाग त्याने नाकारला जात नाही. पवनचक्कीच्या गिअरबॉक्समध्ये अशी बेअरिंगे हिशेबी आयुष्याच्या बरीच आधी जातात. बीड, धाराशिवच्या माळांवरील पवनचक्क्यांमुळे हा प्रश्न या भागातही लागू पडतो.

हिशेबी आयुष्य लुंडबर्ग व पाल्मग्रेन या संशोधकांच्या (१९४७) पद्धतीने काढतात: ९०% बेअरिंगे जेवढे फेरे पूर्ण करतात, तेवढे. भार दुप्पट झाला की बॉल बेअरिंगचे आयुष्य एक-अष्टमांशावर येते.

भाराची दिशा कायम असल्यास कपचे बहुधा स्थिर रिंगच्या भाराखालच्या भागातच सापडतात. रिंग काढण्यापूर्वी तिच्या वरच्या बाजूस खूण करावी. नाहीतर छेद कुठे घ्यायचा ते कळत नाही.