गूगलचा जन्म गॅरेजमधला नव्हे

‘दोन पोरांनी गॅरेजमध्ये गूगल उभारलं’ ही गोष्ट आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. गॅरेज होतं, खोटं नाही. पण तिथे बिऱ्हाड हललं १९९८ मध्ये. शोधयंत्र त्याआधीच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणकांवर धावत होतं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन तिथे पीएचडी करत होते, संशोधनाला सरकारी अनुदान होतं. पेजरँकचं, म्हणजे वेबपानांना महत्त्वानुसार क्रम लावायच्या गूगलच्या पद्धतीचं, पेटंट निघालं तेही स्टॅनफर्डच्या नावावर! अमेरिकेत १९८० च्या बाय-डोल कायद्याने अनुदानातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येते. स्टॅनफर्डने कंपनीला वापराचा परवाना दिला, बदल्यात सुमारे १८ लाख शेअर घेतले आणि ते विकून तब्बल ३३.६ कोटी डॉलर कमावले. गॅरेजच्या मालकीणबाई सुझन वोजिसकी पुढे भाडेकरूंच्याच कंपनीत नोकरीला लागल्या.