'प्रतिदिन एक रुपया' यातला दिवस कोणता?

सांगली-साताऱ्याकडच्या महाविद्यालयांत परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली की ग्रंथालयाच्या काउंटरवर तोच वाद उभा राहतो. पुस्तक उशिरा आलं हे विद्यार्थ्यालाही मान्य असतं. वाजतं ते दिवसांच्या मोजणीवर. फलकावर 'मुदतीनंतर प्रतिदिन 1 रुपया' असं लिहिलेलं असतं. त्यात रविवार, दिवाळीची सुट्टी, पुरामुळे बंद राहिलेला आठवडा धरायचा की सोडायचा, हे त्या फलकावर बहुधा नसतं.

जुना काळ इथे थोडक्यात पुरे. सांगलीच्या विश्रामबागेतलं महाविद्यालय 1919 चं, साताऱ्यातलं खेड्यापाड्यांतल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून काढलेलं महाविद्यालय 1947 चं. संलग्नता आधी मुंबईशी, मग पुण्याशी आणि 1962 पासून कोल्हापूरच्या विद्यापीठाशी. विद्यापीठं बदलली, तरी देवघेवीचे नियम महाविद्यालयं आपापलेच करत आली. किती पुस्तकं, किती दिवस, अनामत किती आणि दंड किती, हे ठरवायचं ते ग्रंथालय समितीनं. म्हणून शेजारशेजारच्या दोन महाविद्यालयांतसुद्धा दर वेगळे सापडतात. मूळ कारण मात्र सगळीकडे एकच होतं: प्रत एक आणि वाचणारे पुष्कळ. क्रमिक पुस्तक विकत घेणं ज्याला परवडत नव्हतं, त्याचं वर्ष त्या एका प्रतीवर निघायचं. ती अडवून ठेवणाऱ्याला आठवण राहावी म्हणून दंड होता. त्यातून तिजोरी भरावी असा हेतू कुणाचाच नव्हता, आणि दरही तसेच पैशांत असायचे.

मी काउंटरवर बसायला लागले तेव्हा बीटी (बॉरोअर्स टिकेट), म्हणजे पुस्तक नेणाऱ्याच्या नावाच्या कार्डांचा जमाना होता. 1895 च्या सुमारास अमेरिकेत निघालेली ही पद्धत आपल्याकडे इतकी मुरली होती की ती बाहेरची आहे हे कुणाच्या ध्यानातही नसायचं. जितकी कार्डं तितकी पुस्तकं. पुस्तकाच्या आतल्या खिशातलं कार्ड काढायचं, विद्यार्थ्याच्या जाड बीटी कार्डाच्या खिशात सरकवायचं, आणि ती जोडी लाकडी ट्रेमध्ये परतीच्या तारखेमागे उभी लावायची. पुस्तकाच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का. पुस्तक परत आलं की जोडी फोडायची आणि बीटी कार्ड हातात द्यायचं, व्यवहार संपला. कुणी काय वाचलं याची नोंद मागे उरत नसे.

दंड मोजायची रीत आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शिकवली. समोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असायचं. पेन्सिलीचं टोक शिक्क्यातल्या तारखेच्या पुढच्या चौकटीवर ठेवायचं, एकेक चौकट मोजत आजच्या तारखेपर्यंत यायचं. लाल तारीख आली की पेन्सिल तिच्यावरून उचलायची. असं करा म्हणून कुठे लिहिलेलं नव्हतं. ग्रंथालय बंद असेल त्या दिवशी पुस्तक आणलं तरी घ्यायला कुणी नाही, मग त्या दिवसाचे पैसे कसे मागायचे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. दर तेव्हा आमच्याकडे 25 पैसे होता. चुकून एखादी लाल तारीख मोजली गेली तरी फार तर चार आण्यांचा फरक पडायचा.

ग्रंथपालाची बाजूही सांगायला हवी, कारण नियमांतला कडकपणा तिथून आला. दाखल नोंदवहीत चढलेलं प्रत्येक पुस्तक ही मालमत्ता. वार्षिक मोजणीत ते कपाटात नसेल तर जबाब ग्रंथपालानं द्यायचा, आणि भरपाई पगारातून होईल ही भीती खरी होती. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत 2005 पासून वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर 1,000 पुस्तकांमागे 5 पुस्तकांची हानी रास्त धरलेली आहे, अर्थात त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. तरतूद केंद्राच्या कार्यालयांसाठीची, पण ग्रंथपाल तिचा आधार घेतात, कारण दुसरा आधार हाताशी नसतो. जो माणूस एकेका प्रतीसाठी स्वतः बांधलेला आहे तो मुदतीबाबत सैल राहणं कठीण.

2000 नंतर संगणक आले. आधी गुजरातेतल्या राष्ट्रीय केंद्रानं महाविद्यालयांसाठी तयार केलेलं सोल हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, पुढे काही ठिकाणी न्यूझीलंडमधून आलेलं मोफत कोहा. देवघेव झटपट झाली, बारकोड आले, रांगा आटल्या. याच बदलात 'दिवस' या शब्दाचा अर्थ पालटला, आणि तो बदल कुठल्याही समितीच्या ठरावात सापडणार नाही. अशा संगणक प्रणालीला सुट्ट्या आपण सांगाव्या लागतात. तिच्यात कॅलेंडर असतं; रविवार, सण, दीर्घ सुट्ट्या त्यात कुणीतरी बसून भराव्या लागतात. दंड काढताना त्या तारखा वगळायच्या की धरायच्या हेही वेगळं नेमून द्यावं लागतं. कॅलेंडर रिकामं राहिलं तर प्रणालीच्या लेखी वर्षातला प्रत्येक दिवस कामाचा. बसवायला आलेला माणूस घाईत असतो, ग्रंथालयात एकदोघंच कर्मचारी असतात, त्यामुळे हे काम मागे पडतं. पडद्यावर आकडा दिसला की तो नियमच वाटायला लागतो, काउंटरवरच्या माणसालाही.

त्यातच दर वाढला. 25 पैशांचं नाणं 30 जून 2011 पासून चलनातून गेलं. 50 पैसे कायद्यानं चालू असले तरी बाजारात कुणी घेईना. आमच्याकडे दर सरळ 1 रुपया झाला. म्हणजे दर चौपट झाला आणि सुट्ट्याही मोजल्या जाऊ लागल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी मुदत संपलेली दोन पुस्तकं घेऊन जतकडची मुलगी तीन आठवड्यांनी परत येते तेव्हा पडद्यावर 42 रुपये दिसतात. त्यातले बहुतेक दिवस ग्रंथालयाला कुलूप होतं.

सुट्ट्या धराव्यात असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. मुदत सुट्टीच्या आधीच संपली होती, पुस्तक तेव्हाच यायला हवं होतं. पुढचे सगळे दिवस त्याच चुकीतून आलेले आहेत. सुट्ट्या वगळल्या तर सुट्टीच्या तोंडावर पुस्तक दाबून ठेवणाऱ्याला मोकळं रान मिळतं, हाही अनुभव आहे. पण बंद दिवशी ते पुस्तक दुसऱ्या कुणालाही मिळणार नव्हतंच, मग त्या दिवसाचं नुकसान कुणाचं? 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात कार्यालय बंद असेल त्या दिवशी मुदत संपत असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी केलेलं काम मुदतीतलंच धरतात. ग्रंथालयाला तो कायदा थेट लागत नाही, आणि त्यात बोललं आहे ते मुदतीच्या शेवटच्या दिवसाबद्दल. तरी बंद दाराचा भार बाहेर उभ्या असलेल्या माणसावर टाकायचा नाही ही जी समज त्यामागे आहे, तीच आमच्या कालनिर्णयवर फिरणाऱ्या पेन्सिलीत होती. मला ती बरोबर वाटते.

गेल्या काही वर्षांनी हा प्रश्न आणखी धारदार केला. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. गावभाग, हरभट रोड, मारुती रोड पाण्यात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांची पुस्तकं आमच्याकडे आली ती फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली, कडांना तपकिरी गाळ. ही पुस्तकं हरवलेली धरायची की फाटलेली? हरवलेल्याला नवी प्रत किंवा किंमत भरून द्यायची असते. पुरात भिजलेल्याला नियमात खानाच नव्हता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि हजारो घरांत महाविद्यालयांची पुस्तकं अडकून पडली. ग्रंथालयं उघडली तेव्हा जिथे संगणकावरचं मोजमाप थांबवलं नव्हतं तिथे आकडे पुस्तकाच्या किमतीपलीकडे गेलेले. त्यानंतर 2021 च्या नोव्हेंबरपासून एसटीचा संप लांबला. आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा, तिकडे पाटण-जावळीची पासवर येणारी मुलं गावातच राहिली. पूर आणि टाळेबंदीचा दंड माफ करायला कुणी फारशी खळखळ केली नाही. संपाच्या वेळी मात्र ग्रंथालय उघडं होतं, आणि 'कामाचा दिवस' कुणाच्या बाजूनं मोजायचा हा नवाच पेच पडला.

याच काळात पावतीवरचा 'दंड' जाऊन 'विलंब शुल्क' आलं. शब्द सौम्य, परिणाम उलटा. शुल्क म्हटल्यावर ते विद्यार्थ्याच्या फीच्या खात्यात बाकी म्हणून दिसू लागलं आणि परीक्षेच्या अर्जाला ग्रंथालयाचा 'नो ड्यूज' जोडला गेला. विकास सोसायटीचा बेबाकी दाखला मिळाल्याशिवाय बँकेत पुढचं कर्ज निघत नाही, हे इथल्या शेतकऱ्याच्या घरात लहानपणापासून माहीत असतं. मुलं या दाखल्यालाही बेबाकीच म्हणतात. वार्षिक पद्धत जाऊन सत्र पद्धत आल्यावर ही बेबाकी वर्षातून दोनदा लागते.

अमेरिकेत 2019 मध्ये तिथल्या ग्रंथालय संघटनेनं असे दंड सामाजिक विषमता वाढवतात असा ठराव केला आणि शिकागो, पाठोपाठ 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी ते बंद केले. हरवलेल्या पुस्तकाची किंमत तिथे अजूनही घेतात. आपल्याकडे प्रतीच कमी असताना दंड पूर्ण काढून टाकणं मला पटत नाही. दंड पुस्तकाच्या किमतीच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढी मर्यादा घालणं कुठल्याही समितीला आज शक्य आहे.

आमच्याकडचं कॅलेंडर मी दर जूनमध्ये भरते. राजपत्रातल्या सुट्ट्या आधी, मग दीर्घ सुट्ट्या, मग जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या स्थानिक सुट्ट्या, ज्या हमखास राहून जातात. अर्धा दिवस जातो. मागच्या जूनमध्ये फलकही बदलून घेतला. नवा फलक करायला पैसे नव्हते, म्हणून रंगाऱ्यानं 'प्रतिदिन' या शब्दावर एक काकपद, म्हणजे राहिलेला मजकूर घालायची खूण, काढलं आणि वरच्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरांत 'कामकाजाच्या दिवसाला' असं लिहून दिलं.