मॅग्नेशियम गार पाण्यात गप्प का बसतं?

दोन परीक्षानळ्यांत गार पाणी घेऊन एकीत कॅल्शियमचा तुकडा टाकला, तर तो आधी तळाशी जातो. मग हायड्रोजनचे बुडबुडे त्याला चिकटतात आणि तो वर येऊन तरंगायला लागतो. पाणी गढूळ पांढरं होतं, नळी हाताला गरम लागते. दुसरीत काचकागदाने घासलेली मॅग्नेशियमची फीत सोडली, तर बराच वेळ काहीच घडत नाही. फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कधर्मी पाण्यात गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) थेंब टाकून वाट पाहिली, तर फितीलगत हळूहळू गुलाबी छटा दिसू लागते.

आवर्तसारणीच्या दुसऱ्या गणातले हे शेजारी. शाळेत कारण शिकवतात ते असं: गणात खाली जावं तशी कवचं वाढतात, बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातात आणि सहज निसटतात. आकडेही तेच सांगतात. पहिला इलेक्ट्रॉन काढायला दर मोलला बेरिलियमला 900 किलोज्यूल लागतात, मॅग्नेशियमला 738, कॅल्शियमला 590 आणि बेरियमला 503. (रेडियमला 509, म्हणजे शेवटच्या पायरीवर हा क्रम किंचित उलटतो.)

पण एवढ्याने मॅग्नेशियमचं गप्प बसणं उलगडत नाही. मॅग्नेशियमचं प्रमाण विभव (जितकं जास्त उणे, तितका धातू सहज इलेक्ट्रॉन सोडतो) उणे 2.37 व्होल्ट आहे, कॅल्शियमचं उणे 2.87. फरक आहे, पण जस्ताच्या उणे 0.76 शी ताडून पाहा. पाण्यातून हायड्रोजन बाहेर काढण्याइतका जोर मॅग्नेशियममध्ये भरपूर आहे.

खरी मेख धातू आणि पाण्यातून तयार होणाऱ्या हायड्रॉक्साइडमध्ये आहे. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लिटरभर पाण्यात जेमतेम शतांश ग्रॅम विरघळतं. ते धातूवरच थर धरतं आणि पाण्याची वाट अडवतं. कॅल्शियमचं, म्हणजे आपला विरलेला चुना, लिटरला सुमारे पावणेदोन ग्रॅम विरघळतं, तर बेरियमचं चाळीसच्या आसपास. थर टिकत नाही, धातू उघडा पडत राहतो. अमेरिकी सैनिकांच्या जेवणाच्या पाकिटांत याचाच उपयोग केलेला आहे: मॅग्नेशियमच्या भुकटीत थोडं लोखंड आणि मीठ मिसळतात. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं, लोखंड अभिक्रियेला वेग देतं आणि नुसत्या पाण्याने, जाळाशिवाय, जेवण गरम होतं.

मला या गणातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट सल्फेटची वाटते. तिथे विद्राव्यतेचा क्रम नेमका उलटा आहे. मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात सहज विरघळतं, कॅल्शियमचं थोडंच, बेरियमचं जवळजवळ नाहीच. विरघळलेलं बेरियम विषारी असतं, शरीरातलं पोटॅशियमचं काम ते बिघडवतं. तरीही पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला बेरियम सल्फेटचा पांढरा घोळ पाजतात. जठरातल्या आम्लातही ते विरघळत नाही, क्ष-किरण अडवतं आणि जसंच्या तसं शरीराबाहेर पडतं. बेरियम कार्बोनेटही तसंच पांढरं आणि पाण्यात न विरघळणारं, पण जठरातल्या आम्लात ते विरघळतं. म्हणूनच ते एके काळी उंदीर मारायला वापरत.