हाताने शिवलेलं चामड्याचं पाकीट (कोकण किनारपट्टी)

कमावलेलं चामडं रापीने कापायचं, आरीने भोकं पाडायची आणि मशीन न लावता दोन सुयांनी शिवायचं, असं बनवलेलं पाकीट. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच, पण डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या दमट, खाऱ्या हवेत माल निवडण्यापासूनच पावसाळा डोक्यात ठेवावा लागतो.

चामडं दोन प्रकारचं मिळतं. बाभळीची साल, हिरडा असल्या झाडपाल्याने कमावलेलं (कोल्हापुरी चपलेचं, जिला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच जातीतलं) आणि क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. पाकिटाला १ ते १.५ मिमी जाडी पुरते, चपलेचा तळ काही खिशात मावत नाही. झाडपाल्याचं कडक असतं, वापरून गडद होत जातं आणि कड ओली करून लाकडाने घासली की मस्त गुळगुळीत होते. क्रोमचं मऊ, पाण्याला जरा जास्त टिकणारं, पण त्याची कड घासून चमकत नाही, रंग तरी लावा नाहीतर दुमडून शिवा.

माप नोटेवरून काढायचं. आताची ५०० ची नोट १५० बाय ६६ मिमी आणि कार्ड साधारण ८६ बाय ५४, त्यात शिलाईची जागा धरायची. घडीच्या पाकिटात आतला तुकडा बाहेरच्यापेक्षा किंचित आखूड ठेवतात, नाहीतर मिटल्यावर आतलं चामडं फुगून चुण्या पडतात, हे पुष्कळ जण शिवून झाल्यावर शिकतात.

शिलाई हा खरा गाभा. शिवायच्या लांबीच्या चौपट मेण लावलेला दोरा घ्यायचा, दोन्ही टोकांना सुई, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या शिलाईत वरखाली दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की पुढचं उसवत जातं, इथे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. भोकं ३-४ मिमी अंतरावर, शेवटी दोनतीन टाके उलटे. किनाऱ्यावर पॉलिस्टर दोराच बरा, कुजत नाही, टोकं लायटरने वितळवून बंद करता येतात.

लोखंड आणि ओलावा ही इथली मोठी भानगड. खाऱ्या हवेत रापी, आरी लगेच गंजतात, आणि गंजलेलं हत्यार झाडपाल्याच्या ओल्या चामड्याला टेकलं की तिथे निळा-काळा डाग पडतो, कारण चामड्यातलं टॅनिन (साल, हिरड्यातून आलेलं तुरट द्रव्य) आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई पूर्वी याच तत्त्वावर करायचे. म्हणून हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायची आणि बटणं पितळेची घ्यायची. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस लावून फिका होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही.

जून ते सप्टेंबर बुरशीचा मोसम. कपाटात पडलेल्या पाकिटावर पांढरी बुरशी येते. ती घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसायची, मग सावलीत वाऱ्यावर ठेवायचं, कडक उन्हात चामडं ताठरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, ओल आतच कोंडते. खोबरेल घरात असतंच म्हणून लोक चोळतात, त्याने चामडं गडद आणि जास्त झालं तर लिबलिबीत होतं. त्यापेक्षा मधमाशीच्या मेणाचा पातळ हात पुरतो, तोही पाऊस सुरू व्हायच्या आधी.