नैराश्यावरील जागरणोपचार

तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक रात्र, किंवा रात्रीचा फक्त उत्तरार्ध, जागे ठेवून त्याची मनःस्थिती सुधारण्याची उपचारपद्धती. शरीराच्या जैविक घड्याळाचा आधार घेणाऱ्या उपचारांमध्ये हा सर्वांत जलद आणि सर्वांत चकित करणारा आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारणपणे काही आठवडे जातात; इथे फरक दुसऱ्या दिवशीच दिसतो.

जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील मनोविकारतज्ज्ञ वाल्टर शुल्टे यांच्या काही रुग्णांना रात्रभर जागल्यावर बरे वाटत असे. त्या निरीक्षणावरून फ्लूग आणि ट्योल या डॉक्टरांनी पद्धतशीर प्रयोग केले व 1971 मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे 1990 मध्ये वू आणि बनी या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सुमारे 59 टक्के रुग्णांमध्ये ठळक सुधारणा दिसली. मात्र औषधे न घेणाऱ्यांपैकी सुमारे 83 टक्के जणांचे नैराश्य एका रात्रीच्या झोपेनंतर परतले. इतका मोठा गुण आणि तो इतका अल्पजीवी, यामुळे ही पद्धत बराच काळ मागे पडली.

असे का होते, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका असतो; हेच शरीराचे मुख्य जैविक घड्याळ. झोप, शरीराचे तापमान, कॉर्टिसॉल आणि मेलाटोनिन या संप्रेरकांचे चढउतार तो ठरवतो. माणसाच्या या घड्याळाचा फेरा 24 तासांहून किंचित मोठा असतो; सकाळचा प्रकाश ते रोज जुळवून देतो. तीव्र नैराश्यात पहाटे फार लवकर जाग येणे, सकाळी जीव नकोसा होणे आणि संध्याकाळी थोडे हलके वाटणे ही लक्षणे अनेकदा आढळतात. आजाराचे असे तासांनुसार बदलणे पाहता घड्याळाचा त्यात हात असावा, हे मानणे भाग पडते. जागरणामुळे मेंदूत ॲडेनोसिन हे झोप आणणारे रसायन साचते, त्याचाही वाटा असावा असे मानतात.

मिळालेला गुण टिकवायचा कसा, हा खरा प्रश्न होता. मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात फ्रांचेस्को बेनेदेत्ती यांच्या गटाने जागरणाला लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध आणि सकाळच्या प्रकाशाची जोड दिली. आज रूढ असलेल्या तिहेरी पद्धतीत एका रात्रीच्या जागरणानंतर झोपेची वेळ पुढे-मागे केली जाते : पहिल्या दिवशी संध्याकाळी 6 ते रात्री 1, मग रात्री 8 ते पहाटे 3, मग 10 ते 5. सोबत रोज सकाळी 10,000 लक्सच्या (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) दिव्यासमोर अर्धा तास बसायचे असते. घरातल्या दिव्यांचा प्रकाश जेमतेम काही शे लक्स असतो. उघड्यावर सकाळचे ऊन त्याच्या कितीतरी पट भरते. याच रुग्णालयात 2001 मध्ये असेही दिसले की, द्विध्रुवी आजाराच्या (ज्यात नैराश्य आणि उन्माद आलटून पालटून येतात) नैराश्यातील रुग्ण पूर्वेकडच्या खोल्यांत असले तर पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून अधिक आधी घरी जातात. केवळ खिडकीच्या दिशेमुळे पडलेला हा फरक रुग्णालये बांधणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे.

रोजची झोपमोड नैराश्य वाढवते. म्हणून रात्रपाळी किंवा मोबाइलपायी झालेले जागरण म्हणजे हा उपचार नव्हे, आणि तो घरच्या घरी करून पाहण्याजोगाही नाही. अपस्मार असलेल्यांना जागरणाने झटका येऊ शकतो. द्विध्रुवी आजारात मन एकदम उन्मादाकडे झुकण्याचा धोका असतो, म्हणून अशा रुग्णांना आधी मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध दिले जाते. डोळ्याच्या पडद्याचा विकार असल्यास तेजस्वी दिव्याआधी नेत्रतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो.