घोळक्याने येणारे हृदयविकाराचे धोके

तपासणीच्या कागदावर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशा वेगवेगळ्या ओळी असतात. शरीरात ते इतके सुटे राहत नाहीत. एक बिघडला की बाकीचेही डोकावू लागतात. ही गोष्ट जुनीच आहे: १९२३ मध्ये स्वीडनचे डॉक्टर एस्किल किलिन यांनी वाढलेला रक्तदाब, साखर आणि यूरिक ॲसिड एकाच रुग्णात आढळत असल्याची नोंद केली होती. १९४७ मध्ये फ्रान्सचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी चरबी शरीरावर कुठे साठते, याकडे लक्ष वेधलं. पुरुषांच्या पोटावर, बायकांच्या मांड्या-नितंबांवर. यातली पोटावरची जास्त घातक.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून हृदयविकाराची कारणं शोधणारा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या ५,२०९ जणांत निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचा धोका इथूनच १९६१ मध्ये आकड्यांनिशी मांडला गेला आणि अनेक घटक एकत्र धरून धोका मोजण्याची पद्धतही इथेच रुजली. स्त्रियांची माहिती पहिल्या दिवसापासून हाताशी होती, तरी नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी त्यांना सरळ वगळलं. बहुविध धोके एकत्र कमी करून पाहणाऱ्या अमेरिकेच्या ‘एमआरएफआयटी’ चाचणीत १२,८६६ जण होते, सगळे पुरुष. मला तरी हे निव्वळ अनवधान वाटत नाही. ‘हार्ट अटॅक हा पुरुषांचा आजार’ हे तेव्हा गृहीतच धरलेलं होतं.

त्याला तडा देणारा पुरावा फ्रेमिंगहॅममध्येच निघाला. पाळी जाईपर्यंत बायकांना जे थोडंफार संरक्षण मिळतं, ते मधुमेह झाला की बरंचसं गळून पडतं, असं १९७९ मधल्या विश्लेषणात दिसलं.

१९८८ मध्ये अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी या घोळक्याच्या मुळाशी इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी आहेत, अशी मांडणी केली. गंमत म्हणजे लठ्ठपणा त्यांनी यादीत घेतलाच नव्हता. २००१ च्या अमेरिकी निकषांत कंबरेचा घेर आला: कंबर, रक्तदाब, साखर आणि रक्तातल्या चरबीचे दोन आकडे या पाचपैकी तीन गोष्टी बिघडल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे याच घोळक्याचं वैद्यकीय नाव. स्त्री-पुरुषांच्या मर्यादा इथे वेगळ्या आहेत. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४५ आलं तर पुरुषाचा रिपोर्ट ठीक, बाईचा मात्र कमी. कारण मर्यादा त्याला ४० आणि तिला ५०. कंबर ९५ सेंटिमीटर भरली तर तो सुटतो (मर्यादा १०२), ती अडकते (८८). दक्षिण आशियाई लोकांसाठी २००५ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत हेच आकडे ९० आणि ८० आहेत. तिथे दोघंही अडकतात.

पाळी गेल्यावर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढतं, चरबी पोटाकडे सरकते, म्हणून बायकांना हार्मोन देऊन हृदय वाचवता येईल, अशी आशा होती. १९९८ आणि २००२ च्या चाचण्यांनी ती फोल ठरवली.

५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये दाखवलं, की पहिल्या हार्ट अटॅकचा बहुतांश धोका नऊच घटकांत मावतो, पुरुषांतही आणि स्त्रियांतही. फक्त बायकांना तो सरासरी नऊ वर्षं उशिरा येतो, आणि त्यांच्यात मधुमेह व रक्तदाब यांचा वार जास्त जबर असतो. २०११ पासून अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह हेही धोके म्हणून धरले जातात. त्यामुळे पन्नाशीच्या बाईला तपासताना पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाची चौकशी करावी लागते. पुरुषांवरच्या चाचण्यांतून हा प्रश्न कधी पुढे येणारच नव्हता.