चार स्पेस आणि जुलैचा पाऊस

गोव्यातल्या शाळांत 2021 पासून ‘केअर्स’ योजनेखाली कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायला सुरुवात झाली. पुष्कळ मुलांचा पहिला प्रोग्राम स्क्रॅचमधला असतो. रंगीत ठोकळे उचलायचे, एकमेकांना जोडायचे, की पडद्यावरचं मांजर चालायला लागतं. त्यातला ‘पुन्हा पुन्हा कर’ हा ठोकळा उघड्या तोंडाच्या कंसासारखा दिसतो. त्याच्या पोटात बसवाल ते दहा वेळा होतं, खाली जोडाल ते एकदाच. काय आत आहे आणि काय बाहेर, हे विचारावंच लागत नाही.

मग ही मुलं पायथन या ओळी टाइप करून लिहायच्या प्रोग्रामिंग भाषेकडे वळतात आणि तो कंस नाहीसा होतो. उरते ती फक्त ओळीच्या डावीकडे सोडलेली मोकळी जागा. वहीत समास सोडतो तो नीटनेटकेपणासाठी. इथे मात्र त्या रिकाम्या जागेलाच अर्थ आहे. ती चुकली की प्रोग्राम एकतर चालत नाही, नाहीतर चालतो आणि खोटं उत्तर देतो. पहिल्या प्रकाराला मुलं घाबरतात. घाबरायला हवं दुसऱ्याला.

पायथन गिडो व्हान रॉसम यांनी लिहायला घेतली 1989 च्या नाताळच्या सुट्टीत, अ‍ॅमस्टरडॅममध्ये. ती लोकांसमोर आली 1991 मध्ये. त्याआधी ते ‘एबीसी’ नावाच्या, नवशिक्यांसाठी बनवलेल्या भाषेवर काम करत होते आणि मोकळ्या जागेने गट पाडायची पद्धत तिथूनच आली. कल्पना त्याहून जुनी आहे. 1966 मध्ये पीटर लँडिन या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने ती मांडली आणि तिला नाव दिलं ‘ऑफसाइड नियम’: ठरलेल्या रेषेच्या डावीकडे गेलात की तुम्ही त्या गटाच्या बाहेर. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गोव्यात हा नियम वेगळा समजावून सांगायची गरज पडू नये.

ओळ वाचताना पायथन नेमकं काय करतो? तो एक चळत ठेवतो. सुरुवातीला तिच्यात एकच आकडा असतो, 0. प्रत्येक नव्या ओळीआधी किती स्पेस आहेत ते तो मोजतो. चळतीच्या टोकावरच्या आकड्याइतक्याच असतील तर काही करत नाही. जास्त असतील तर नवा आकडा वर ठेवतो, म्हणजे नवा गट सुरू झाला. कमी असतील तर वरचे आकडे एकेक काढत जातो आणि तंतोतंत जुळणारा आकडा शोधतो. चळतीत 0 आणि 4 आहेत आणि तुमची ओळ 2 स्पेसवर सुरू झाली, तर 2 कुठेच सापडत नाही. तेव्हा तो म्हणतो: ‘अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल’. म्हणजे, ‘तुम्ही मागे आलात, पण कुठल्या पायरीवर आलात ते मला कळत नाही.’ चारच स्पेस सोडा असा काही यंत्राचा हट्ट नाही, तीनही चालतात. चारचा संकेत माणसांसाठी आहे. 2001 च्या ‘पेप 8’ या शैलीपुस्तिकेत तो आहे आणि तो पाळलेला बरा, कारण दुसऱ्याचा प्रोग्राम आपल्यात चिकटवताना भांडण होत नाही.

‘एक्स्पेक्टेड अ‍ॅन इंडेंटेड ब्लॉक’ याचा अर्थ याच्या उलट: कोलन देऊन तुम्ही गट सुरू करतो म्हणालात, पण पुढची ओळ आत सरकलीच नाही. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या गटाच्या, आत नुसती टीप (माणसांसाठीची, यंत्र वगळतं ती ओळ) लिहून ठेवली तरी हाच एरर येतो, कारण टीप म्हणजे काम नव्हे. तिथे तूर्त ‘पास’, म्हणजे ‘काही करू नको’, असं लिहायचं. ‘अनएक्स्पेक्टेड इंडेंट’ म्हणजे कारण नसताना ओळ आत सरकली. मराठी प्राथमिक शाळेतून आलेलं मूल लाल इंग्रजी अक्षरं पाहून आधी दचकतं, पण हे संदेश मोजकेच आहेत आणि पाच-सहा वेळा भेटले की ओळखीचे होतात. शिवाय 2021 च्या 3.10 आवृत्तीपासून ते बरेच सुधारले आहेत. कोणत्या ओळीवरच्या ‘फॉर’चा (लूप सुरू करणाऱ्या शब्दाचा) गट अपुरा राहिला, हेसुद्धा आता सांगतात.

डोळ्यांना न दिसणारी भानगड टॅबची. टॅब आणि स्पेस पडद्यावर सारखेच दिसू शकतात. तुमचा एडिटर टॅब चार स्पेसइतका रुंद दाखवत असेल. पायथन मात्र तो पुढच्या आठच्या पटीपर्यंत मोजतो. दोन्हींची सरमिसळ अशी झाली की अर्थ टॅबच्या रुंदीवर ठरेल, तर पायथन 3 सरळ ‘टॅबएरर’ देऊन थांबतो. चांगलं करतो. उपाय म्हणजे एडिटरला ‘टॅबच्या जागी स्पेस टाक’ असं एकदाच सांगून ठेवणं. वेबपानावरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या कोडबरोबर आणखी एक पाहुणा येतो: न तुटणारी स्पेस. दिसायला साध्या स्पेससारखी, पण यंत्राच्या लेखी वेगळं अक्षर. संदेशात ‘यू+00ए0’ दिसलं की शोधाशोध न करता त्या ओळीची डावी बाजू पुसून पुन्हा टाइप करावी.

‘कंस असते तर हा ताप नसता,’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी फेब्रुवारी 2014 आठवावा. आयफोन आणि मॅकमध्ये सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडात ‘गो-टू फेल’, म्हणजे ‘बाकीचं सोडून शेवटाकडे उडी मार’, ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दोन्ही ओळी ‘इफ’ या अटीखाली सारख्याच आत सरकवलेल्या, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटावं की दोन्ही अटीच्या आतच आहेत. पण ते कोड होतं सी भाषेतलं. सी मोकळ्या जागेकडे ढुंकूनही पाहत नाही. कंस नसल्यामुळे फक्त पहिली ओळ अटीत होती. दुसरी दर वेळी चालायची आणि पुढची सही-तपासणी ओलांडून ‘सगळं ठीक’ म्हणत बाहेर पडायची. माणूस मोकळी जागा वाचतो, यंत्र कंस वाचतं आणि दोघांचं एकमत नसतं, त्या फटीतून हा बग शिरला. पायथनने ती फट बुजवली. दोघांनी एकच गोष्ट वाचायची, हा त्याचा सौदा आहे.

पण सौद्याची दुसरी बाजूही आहे. तुम्ही सोडलेली जागा हाच तुमचा हेतू, असं पायथन धरून चालतो. हेतू वेगळा असेल तर त्याला ते कळायला मार्ग नाही.

जुलैतल्या चार दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा होता असं समजू: 42, 0, 118, 65. (जुलैत गोव्यात शून्य? उदाहरणापुरतं चालवून घ्या.) एकूण पाऊस काढायचा आहे. खाली फॉर, इन, प्रिंट हे शब्द देवनागरीत लिहिले आहेत, यंत्रावर ते रोमनमध्येच टाकावे लागतात. ‘पाऊस’ आणि ‘एकूण’ ही नावं मात्र पायथन 3 मध्ये देवनागरीत खरोखर चालतात.

पाऊस = [42, 0, 118, 65]
एकूण = 0
फॉर प इन पाऊस:
    एकूण = एकूण + प
प्रिंट(एकूण)

उत्तर 225. आता शेवटची ओळ चार स्पेस आत सरकवा. 42, 42, 160, 225 असे चार आकडे येतील, कारण बेरीज दर फेरीला छापली जाते. हे निदान डोळ्यांत भरतं.

आता प्रिंट जागेवर ठेवा आणि ‘एकूण = 0’ ही ओळ फॉरच्या खाली, लूपच्या आत न्या. उत्तर 65. एरर नाही, लाल अक्षर नाही. दर फेरीच्या सुरुवातीला बेरीज पुसली जाते आणि शेवटच्या दिवसाचा पाऊस तेवढा उरतो. नंतर हेच कोड फंक्शनमध्ये, म्हणजे उत्तर परत देणाऱ्या नाव दिलेल्या गटात, घाला आणि ‘रिटर्न एकूण’ ही ओळ लूपच्या बाहेर ठेवण्याऐवजी आत ठेवा. उत्तर 42. रिटर्न म्हणजे फंक्शन सोडून जाणं, त्यामुळे पहिल्याच दिवसानंतर सगळं संपलं.

ओळी त्याच, आकडे तेच आणि उत्तरं 225, 65, 42. तिन्ही पावसाची म्हणून खपून जातील अशी. चारच आकडे आहेत म्हणून आपण तोंडी बेरीज करून पकडतो. वर्षभराच्या 365 नोंदी असत्या तर?

अशा वेळी पायथनपेक्षा पेन्सिल कामाला येते. कागदावर दोन रकाने आखायचे, ‘प’ आणि ‘एकूण’. प्रत्येक फेरीनंतर दोन्हींची किंमत लिहायची. पाट्या टाकल्यासारखं वाटतं, मुलं कुरकुरतात, पण दुसऱ्या फेरीतच ‘एकूण’च्या रकान्यात 42 ऐवजी 0 लिहावं लागतं आणि चूक हाताला लागते. कागदाचा कंटाळा असेल तर एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला थॉनी हा मोफत एडिटर हेच काम पडद्यावर करतो. एकेक पायरी पुढे जा म्हटलं की कुठली ओळ चालू आहे आणि कुठल्या नावात काय आहे, ते दाखवतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी पेन्सिलच. यंत्राच्या जागी बसून पाहिल्याशिवाय लूप अंगवळणी पडत नाही.

लूप कुठे थांबतं हा वेगळा घोळ. ‘रेंज’ लूपला ओळीने आकडे पुरवतं. जुलैचे सगळे दिवस हवेत म्हणून ‘रेंज(1, 31)’ लिहिलं, तर 31 तारखेचा पाऊस हिशेबातून गळतो. रेंज शेवटच्या आकड्याच्या अलीकडे थांबतं. पणजी ते म्हापसा म्हणून बसमध्ये बसावं आणि कंडक्टरने म्हापशाच्या आधीच्या थांब्यावर उतरवावं, तसं. आपल्या बोलण्यातलं ‘ते’ शेवटचं टोक धरून असतं, म्हणून ही चूक जुन्याजाणत्यांकडूनही होते. रेंज असं का वागतं याला मात्र कारण आहे. फेऱ्या किती, हे शेवटातून सुरुवात वजा करून लगेच मिळतं, आणि रेंज(1, 16) ला रेंज(16, 32) जोडलं तर एकही दिवस दोनदा येत नाही की सुटत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी 1982 च्या एका छोट्या टिपणात याच पद्धतीची बाजू घेतली होती.

आणखी एक लबाड चूक. पाऊस न पडलेले दिवस यादीतून काढायचे आहेत म्हणून मूल यादीवर लूप फिरवतं आणि शून्य दिसलं की ‘रिमूव्ह’ करतं. वरच्या यादीवर ते अचूक चालतं. पण दोन कोरडे दिवस लागोपाठ आले, [42, 0, 0, 65], तर एक शून्य तसंच राहतं. लूप जागा क्रमांकाने पुढे सरकत असतं. पहिलं शून्य काढल्यावर दुसरं त्याच्या जागी सरकतं, आणि लूप तोवर पुढच्या जागेवर गेलेलं असतं. ज्या यादीवर चालतो आहोत तीच कापू नये. शून्य नसलेल्या आकड्यांची नवी यादी करावी. एका यादीवर प्रोग्राम बरोबर आला म्हणजे तो बरोबर आहे असं नाही, हे मुलांना इथे पहिल्यांदा नीट पटतं.

यादीतले आकडे कीबोर्डवरून घेत असाल तर एक गंमत करून पाहा. वापरणाऱ्याने ‘४२’ असं देवनागरीत टाइप केलं तरी अक्षरांचा आकडा करणारं ‘इंट’ त्याचा 42 करून देतं. प्रोग्रामच्या ओळीत मात्र ४२ लिहिलं तर एरर.

उरलं व्हाइल, म्हणजे अट खरी आहे तोवर फिरणारं लूप. फॉरला यादी संपली की थांबायचं कळतं. व्हाइलला अट खोटी पडावी लागते, आणि ती खोटी पाडायचं काम तुमचं. ‘दिवस = दिवस + 1’ ही ओळ चार स्पेस बाहेर राहिली की लूप जन्मभर फिरतं. कंट्रोल आणि सी एकदम दाबलं की सुटका होते. पण ही ओळ जागेवर असूनही लूप अडकू शकतं. 31 डिसेंबर 2008 रोजी मायक्रोसॉफ्टचे ‘झून 30’ हे गाणी वाजवणारे यंत्र जगभर एकाच दिवशी बंद पडले. आतलं लूप 1980 पासूनच्या दिवसांचं वर्षांत रूपांतर करत होतं: दिवस 365 पेक्षा जास्त आहेत तोवर फिर, लीप वर्ष असेल तर दिवस 366 पेक्षा जास्त असल्यास 366 वजा कर, साधं वर्ष असेल तर 365 वजा कर. 2008 लीप वर्ष होतं आणि तो होता 366 वा दिवस. 366 हे 365 पेक्षा जास्त, म्हणून लूप आत शिरलं. 366 पेक्षा जास्त नाही, म्हणून काही वजा झालं नाही. पुन्हा वर, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तारीख बदलल्यावर, बॅटरी संपवून पुन्हा सुरू केलेली यंत्रं आपसूक चालू लागली.

हे लूप विद्यार्थ्यांना पायथनमध्ये लिहायला द्यावं आणि त्यात लीप वर्षासाठी 365, 366 आणि 367 हे तीनच आकडे घालून बघायला सांगावं. मधला आकडा घातला की कर्सर नुसता लुकलुकत राहतो. मग कागद, दोन रकाने आणि पेन्सिल.